विद्यार्थी-सहभागाचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

मोजायचा असतो सहभाग आणि मोजलं जातं समाधान, ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. 'शिकवणं आवडलं का?' या प्रश्नाला भरभरून गुण देणारा विद्यार्थी सत्रभर ग्रंथालयाकडे फिरकलेलाही नसतो. सहभाग म्हणजे त्याने अभ्यासात घातलेला वेळ आणि कष्ट, शिवाय त्यासाठी संस्थेने दिलेली संधी. अमेरिकेत 2000 साली इंडियाना विद्यापीठातून सुरू झालेलं 'नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट' म्हणूनच पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते काय करतात हे विचारतं: वर्गात प्रश्न विचारता का, लेखनाचा दुसरा खर्डा करता का.

शब्दांतही गोंधळ होतो. 'बऱ्याचदा' म्हणजे एकाला आठवड्यातून दोनदा, दुसऱ्याला सत्रातून तीनदा. त्यापेक्षा 'गेल्या सात दिवसांत किती वेळा?' असं विचारा, फक्त तो आठवडा परीक्षेचा किंवा सुट्टीचा नको. 'शिक्षक वेळेवर आणि उपयुक्त अभिप्राय देतात' हे तर एकात दोन प्रश्न. वही दुसऱ्याच दिवशी हातात पडली, पण आत नुसती बरोबरची खूण, तर बिचाऱ्याने कुठल्या रकान्यात टिचकी मारायची?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न बोलणाऱ्यांची. समजा, 1,200 जणांना दुवा पाठवला आणि 180 उत्तरं आली. प्रतिसाद फक्त 15 टक्के म्हणून आपण हळहळतो, पण ते 180 कोण, हे पाहतच नाही. बहुधा ते आधीच वर्गात दिसणारे असतात. ज्याचं कॉलेजशी नातं सुटत चाललंय, तो सर्वेक्षणाचा मेलही उघडत नाही. वर्ष, विभाग, वसतिगृहात राहणारे की घरून येणारे, असं करून उत्तरं पटाशी ताडून बघा. भारांकनाने, म्हणजे कमी उत्तरं आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, प्रमाण जुळवता येतं, पण गप्प राहिलेल्याचं म्हणणं त्यातून कळत नाही. तासातली दहा मिनिटं दिली की प्रतिसाद वाढतो, हे खरं, पण गैरहजर असलेले तेव्हाही सुटतातच. त्यांना वेगळं गाठा. आणि उत्तरं भरून होईपर्यंत शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबावं.

सगळी उत्तरं एकाच रकान्यात, चाळीस प्रश्न दीड मिनिटात? विद्यार्थ्याला दोष देण्याआधी प्रश्नावली कापा.

अहवालात नुसती सरासरी छापू नका. एकाच संस्थेतल्या विद्यार्थ्यांमधला फरक दोन संस्थांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि सरासरीत नेमका तोच झाकला जातो. 12 उत्तरांच्या विभागात एकाचं मत बदललं तरी टक्केवारी 8 ने हलते. अशा आकड्यांवर विभागांची क्रमवारी लावणं अन्यायाचं आहे. इतक्या छोट्या गटात लिंग, वर्ष आणि गाव एकत्र विचारलंत, तर नाव न लिहूनही माणूस ओळखू येतो.

पुढच्या फेरीत प्रतिसाद घसरला, तर मागच्या उत्तरांचं काय केलंत ते विद्यार्थ्यांना कळलं होतं का, हे आधी तपासा. 'तुम्ही सांगितलंत म्हणून ग्रंथालय आता रात्री उशिरापर्यंत उघडं असतं' एवढी एक ओळ नव्या प्रश्नावलीच्या डोक्यावर छापा. जे जमलं नाही, तेही कारणासकट तिथेच लिहा.