पॉइंटवर अडणारं छोटं इंजिन

माझ्या मॉडेल रेल्वेतलं एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ आकाराचं) चार चाकांचं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) सरळ रुळावर झकास पळायचं. पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात तिथे, हळू नेलं की मात्र फ्रॉगवर (आतले दोन रूळ मिळतात त्या तुकड्यावर) हटकून थांबायचं. बोटाने ढकललं की पुन्हा सुरू.

कारण साधं आहे. मोटरला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते; फ्रॉग प्लॅस्टिकचा, म्हणजे तिथे वीज नाही. एक चाक फ्रॉगवर असताना त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाचा संपर्क कच्चा असला, की मोटर बंद. लांब इंजिनाला हे जाणवतही नाही.

इंजिन उलटं ठेवलं, कंट्रोलरच्या दोन वायरी डाव्या-उजव्या चाकांना जोडीजोडीने लावून पाहिल्या. मागच्या उजव्या चाकावर मोटर गप्प. त्याची ब्राँझची पिकअप पट्टी (चाकाकडून वीज घेणारी) चाकाला टेकतच नव्हती. चिमट्याने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाकवली. जास्त वाकवली तर तीच चाकाला ब्रेक लावते! चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने काढला. सँडपेपर नकोच, ओरखड्यांत मळ आणखी साचतो. तेल सुईच्या टोकाएवढंच, तेही फक्त आसाला.

निम्मा त्रास गेला. उरलेला त्रास पॉइंट बदलल्यावर गेला: धातूच्या फ्रॉगचा घेतला, फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे, पण वीज अडवणारे तुकडे) लावले (नाहीतर शॉर्ट ठरलेला), आणि फ्रॉगची वायर टू-वे स्विचच्या मधल्या टोकाला दिली. बाजूची दोन टोकं दोन बाहेरच्या रुळांना, म्हणजे पॉइंटच्या दिशेप्रमाणे योग्य रुळाची वीज फ्रॉगला. पॉइंट फिरवणारी दांडीच स्विच दाबते, त्यामुळे विसरायला वाव नाही.

आता इंजिन गोगलगायीच्या चालीनेही पॉइंट ओलांडतं.