बर्फावर जाण्यासाठी टायरला स्टड लावताना या चुका टाळा

इंदुरात रस्त्यावरचे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. त्यामुळे येथील मराठी मंडळींपैकी जे दुचाकीस्वार आणि जीपचालक हिवाळ्यात हिमाचलातील स्पितीला किंवा अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जाण्याची तयारी करतात, त्यांना टायरला स्टड (बर्फात रुतून पकड देणारे धातूचे छोटे खिळे किंवा स्क्रू) लावण्याचे काम बर्फावर एकदाही तपासून न पाहता उरकावे लागते आणि झालेली चूक थेट घाटातल्या वळणावर उघड होते.

सर्वांत गंभीर चूक लांबीची असते. स्क्रूसारखे फिरवून बसवायचे स्टड टायरच्या नक्षीतील ठोकळ्यात रुततात. ठोकळ्याखाली रबराचा पातळ थर असतो आणि त्याखाली दोऱ्यांचा किंवा पोलादी तारांचा सांगाडा असतो. स्टडचा रबरात जाणारा भाग ठोकळ्याच्या उंचीपेक्षा निदान २ मिमी कमी ठेवावा, म्हणजे ९ मिमी उंचीच्या ठोकळ्यात ७ मिमीपेक्षा अधिक काही जाऊ देऊ नये. ही उंची एकाच जागी मोजून भागत नाही, कारण वापरलेल्या टायरमध्ये मधली ओळ कडेच्या ओळींपेक्षा अधिक झिजलेली असते आणि कडेला नीट बसणारा स्टड मध्ये सांगाड्यापर्यंत पोहोचू शकतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ सारख्या आऱ्यांच्या (स्पोकच्या) चाकांच्या दुचाकीत आत ट्यूब असते. तेथे आत डोकावणारे टोक लगेच जाणवत नाही. टायर दबत-सुटत राहतो, टोक ट्यूबवर घासत राहते आणि काही अंतरानंतर हवा जाते. गोठलेल्या तळ्यावर शर्यती करणारे लांब स्क्रू वापरतात, परंतु ते टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये जुन्या टायरचे जाड अस्तर घालतात. ते अस्तर न घालता केवळ त्यांच्या स्क्रूची लांबी उचलणे धोक्याचे आहे.

जीप किंवा एसयूव्हीच्या रेडियल टायरमध्ये, म्हणजे नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असलेल्या टायरमध्ये, ही चूक अधिक महाग पडते. स्क्रूने पोलादी पट्ट्याला छेद दिला की त्या वाटेने पाणी शिरते, तारा गंजतात आणि थर सुटू लागतात. हा बिघाड बर्फावर नव्हे, तर परतताना महामार्गावर, वेगात असताना समोर येऊ शकतो. म्हणून रेडियल टायरमध्ये स्वतः स्क्रू घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. स्टडसाठी कारखान्यातच छिद्रे ठेवलेला टायर मिळत असेल तर तो घ्यावा, अन्यथा बर्फावरच्या पकडीसाठी टायरभोवती गुंडाळायच्या साखळ्या वापराव्यात. मनालीच्या पुढे हिमवृष्टी झाल्यावर अनेकदा साखळ्या लावलेल्या फोर-बाय-फोर गाड्यांनाच सोडले जाते, त्यामुळे साखळ्यांचा खर्च वाया जात नाही.

सियागंजच्या हार्डवेअर बाजारात मिळणारे पत्र्यात बसवायचे साधे स्क्रू किंवा ड्रायवॉलचे (जिप्समच्या भिंतीत लावायचे) स्क्रू या कामाला घेऊ नयेत. ड्रायवॉलच्या स्क्रूचे पोलाद ठिसूळ असते आणि बाजूने ताण आला की त्याचे डोके तुटते. बर्फासाठी केलेल्या स्क्रूचे डोके कडा उंच आणि खाचदार ठेवून घडवलेले असते. बर्फाला तेच पकडते. वाटेत डांबर आणि बर्फ आलटून पालटून लागणार असतील, तर टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले स्टड घ्यावेत, कारण साधे पोलाद डांबरावर फार लवकर झिजते. तरीही इंदूरहून मनालीपर्यंतचे सुमारे १३०० किलोमीटर स्टड लावून कापण्यात अर्थ नाही. कोरड्या डांबरावर स्टडमुळे पकड घटते, ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर घेते आणि रस्ताही खरवडला जातो. जर्मनीने १९७५ मध्ये सर्वसाधारण वाहनांच्या स्टडवर बंदी घातली, ती रस्त्यांच्या याच हानीमुळे. इंदुरात जुन्या टायरवर हात बसवावा, साहित्य सोबत न्यावे आणि प्रत्यक्ष स्टड बर्फाच्या आधीच्या मुक्कामी लावावेत.

लावताना ड्रिल पूर्ण वेगाने फिरवल्यास स्क्रूचे आटे रबर कातरतात आणि स्टड पहिल्या दिवसापासून सैल राहतो. मंद वेग ठेवावा, साबणाचे पाणी लावावे आणि डोके रबराला टेकताच थांबावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरू नये. त्याने रबर बिघडते आणि स्टडची पकडही जाते.

स्टड एका रेषेत लावले तर मागचा स्टड पुढच्याने पाडलेल्या चरीतच पडतो, म्हणून त्यांच्या जागा थोड्या-थोड्या सरकवाव्यात, म्हणजे प्रत्येकाला नवा बर्फ मिळेल. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे कडेच्या ओळी मोकळ्या सोडू नयेत. केवळ मागच्या चाकाला स्टड लावण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा: गाडी पुढे ढकलली जाते, पण पुढचे चाक घसरले की तोल सावरणे जवळजवळ अशक्य होते. चारचाकीत चारही चाके सारखी हवीत. चाक हाताने पूर्ण फिरवून मडगार्ड, चेन आणि ब्रेकची नळी यांना स्टड लागत नाही ना, हेही पाहावे.

हवेच्या दाबाबाबत इंदूरचा आकडा तेथे धरून चालू नये. थंडीने टायरमधला दाब उतरतो, तर उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने गेज अधिक दाब दाखवते, आणि हे दोन परिणाम एकमेकांना नेमके किती छेदतील याचा अंदाज घरी बसून येत नाही. सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, गार टायरवर मोजणे हाच मार्ग आहे. दाब फार कमी ठेवला तर ठोकळे अति वाकतात आणि स्टड हळूहळू वर येतात.

स्टड वारंवार गळत असतील तर रबर नखाने दाबून पाहावे. कडक पडलेले, भेगाळलेले रबर काहीही धरत नाही आणि तो टायर बदलावाच लागतो. एकाच भागातील स्टड गळत असतील तर तेथील ठोकळा बुटका असण्याची शक्यता अधिक. ट्यूबलेस टायरची हवा हळू जात असल्यास त्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे स्टडच्या बुडाशी आले तर तो स्टड काढून टायर आतून पॅच करून घ्यावा, कारण त्याच छिद्रात आणखी जाड स्क्रू पिळल्याने सांगाड्यातील छिद्र मोठे होते.

परतीच्या वाटेवर बर्फ संपताच स्टड काढावेत आणि प्रत्येक छिद्रात डोकावून पाहावे. एखाद्या छिद्राच्या तळाशी दोरा किंवा तार दिसली, तर तो टायर महामार्गावर चालवू नये.