दुसरा कोअर गेला कुठे?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवरून एक जुना लॅपटॉप माझ्याकडे आला. प्रोसेसर कोअर टू ड्युओ, म्हणजे दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग). पण त्यावरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला एकच दिसत होता. हिशेबाची फाइल उघडेपर्यंत चहा निवायचा.

आधी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएससीपीयू’ (lscpu) चालवा. ‘मॉडेल नेम’च्या ओळीत प्रोसेसर कोणता ते कळतं, ‘ऑनलाइन’च्या ओळीत किती चालू आहेत ते. मोजणी शून्यापासून असते, म्हणून दोन कोअरला ‘0,1’ किंवा ‘0-1’ दिसायला हवं. इथे नुसतं शून्य होतं. (पहिल्या पिढीच्या आय-थ्री लॅपटॉपवर दोन कोअर, चार थ्रेड असतात (एक कोअर दोन असल्यासारखा दिसतो), तिथे चार दिसले तर तो बिघाड नव्हे.)

मग ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ फाइल (/proc/cmdline) वाचा. बूट होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काय सांगितलं, ते तिच्यात असतं. ‘नोएसएमपी’ (nosmp), ‘मॅक्ससीपीयूज=1’ (maxcpus=1), ‘नोलॅपिक’ (nolapic) हे एकाच कोअरवर अडवणारे शब्द; यांपैकी काही दिसलं की चोर सापडला. ‘एसीपीआय=ऑफ’ही (acpi=off) तसंच, कारण कोअरची यादी कर्नलला एसीपीआयच्या (मशीनची माहिती सिस्टिमला देणाऱ्या व्यवस्थेच्या) तक्त्यातून मिळते. माझ्याकडे तेच निघालं. कधीतरी स्क्रीन काळी पडली म्हणून कुणीतरी घातलेलं, काढायचं राहून गेलेलं.

लगेच फाइल बदलू नका. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबून तेवढा शब्द खोडा आणि एकदा बूट करून बघा. नीट चाललं तरच ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘ग्रब’ फाइल (/etc/default/grub) बदला, आधी तिची प्रत काढूनच. डेबियन, उबंटू, मिंटवर मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ (sudo update-grub) चालवा.

‘सीएमडीलाइन’मधली ओळ स्वच्छ असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘मल्टी कोअर’ बंद आहे का बघा.