जाळी घेताना आधी सांधा बघा

परतीचा पाऊस उघडला, सोयाबीन निघालं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली की घरोघरी कुंपणाचा विषय निघतो. हरभरा वीतभर झाला की रोही (नीलगाई) येतात, तूर शेंगांवर आली की रानडुकरं. यंदा वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगनं तारा जोडलेली, जाळी लावायचं मनात असेल तर दिवाळीपर्यंतचे दिवस त्यासाठी चांगले. जमिनीत ओल असते, खड्डे भराभर निघतात. काळ्या रानात हेच काम पुढे ढकललं तर पहार नुसती वाजते, आत जात नाही.

मी पहिल्यांदा जाळी घेतली ती चकचकीत होती आणि भावही कमी होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तांबडे ठिपके दिसायला लागले. एका रात्री डुकरानं मुसंडी मारली आणि सांधे उसवत गेले. सकाळी बघतो तर दोन हात रुंद भगदाड. तार मात्र एकाही जागी तुटलेली नव्हती. तेव्हापासून मी जाळीचा सांधा आधी बघतो, तार नंतर.

असं का होतं ते जाळी बनते कशी यावरून कळतं. कारखान्यात मऊ पोलादाची सळई बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार काढतात. उभ्या-आडव्या तारा यंत्रावर एकमेकींवर ठेवतात आणि जिथे त्या भेटतात तिथे दाब देऊन जोराचा वीजप्रवाह सोडतात. तेवढीच जागा तापून वितळते आणि तारा चिकटतात. खरा फरक जस्त कधी चढवलं यात आहे. स्वस्त जाळीत तारेवर आधी जस्त चढवतात आणि मग वेल्डिंग करतात. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद वितळायला त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट तापमान लागतं. त्यामुळे वेल्डिंग होताना सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि नेमकी तीच जागा उघडी पडते. चांगल्या जाळीत आधी वेल्डिंग होतं आणि मग अख्खी जाळी साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. सांध्याच्या खोबणीतही जस्त शिरतं. अशा जाळीचा सांधा हाताला भरीव लागतो, कुठे कुठे जस्ताचा थेंब गोठलेला दिसतो. काळपट, जळका डाग सांध्यावर दिसला तर ती जाळी आधी जस्त चढवलेली समजा. दुकानदाराला सरळ विचारा, वेल्डिंग आधी की जस्त आधी. आणि नुसत्या चकाकीवर जाऊ नका, विजेनं चढवलेला जस्ताचा पातळ थरही खूप चमकतो.

खात्री करायची असेल तर घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतोच. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन विरघळेल तेवढा मोरचूद विरघळवा. पाणी कोमट केलं असेल तर निवू द्या. जाळीचा एक सांधा असलेला तुकडा त्यात मिनिटभर बुडवा, काढून धुवा, फडक्यानं पुसा. जस्त शाबूत असेल तर काळा थर येतो आणि पुसला की जातो. लोखंड उघडं असेल तर त्यावर तांब्याचा लालसर, चकाकता मुलामा बसतो, तो पुसून निघत नाही. कापलेल्या टोकांवर तांबं चढणारच, ती सोडून द्या. दोन दुकानांतले तुकडे शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा बुडवा. ज्याचा सांधा जास्त वेळा टिकेल ती जाळी घ्या. हातमोजे घाला, उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.

दुसरी तपासणी तराजूवर. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, 14 गेज म्हणजे सुमारे 2 मिमी आणि 16 गेज म्हणजे 1.6 मिमी. 2 इंची चौकटीचा, 4 फूट रुंद, 50 फूट लांब रोल 14 गेजचा असेल तर 19 किलोच्या आसपास भरतो, 16 गेजचा 12 किलोच्या आसपास. चिठ्ठीवर 14 लिहून रोल 13-14 किलो भरला तर तो परत करा.

चौकट कामाप्रमाणे घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याला अर्धा इंच, कारण इंचभर चौकटीतून पिल्लं बाहेर पडतात आणि मुंगसाचं पिल्लू आत शिरतं. शेळ्यांना 2 इंच पुरे. मोठ्या चौकटीत शेळी मुंडकं घालते, शिंगं अडकतात आणि ओढाताणीत जीव जाऊ शकतो.

डुकरासाठी जाळीच्या उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. ते सहसा उडी मारण्यापेक्षा नाकानं खालून उकरतं. जाळी फूटभर जमिनीत गाडा, किंवा तळाचा फूटभर भाग बाहेरच्या अंगाला काटकोनात वळवून मातीखाली दाबा. उकरायला गेलेलं डुक्कर त्याच वळवलेल्या जाळीवर उभं राहतं. गाडायच्या भागाला आणि जमिनीच्या वर वीतभर डांबर लावा, माती आणि हवा जिथे भेटतात तिथे गंज आधी धरतो. खांब 8 ते 10 फुटांवर घ्या. काळी माती फुगते-आकसते, म्हणून कोपऱ्याचे खांब खोल रोवा आणि त्यांना तिरके टेकू द्या. जाळी लोखंडी अँगलच्या खांबाला वेल्ड करू नका, जस्त जळतं, शिवाय तो धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त चढवलेल्या (जीआय) तारेनं बांधा. कापलेल्या टोकांना झिंकचा रंग लावा.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी एक लक्षात घ्या. बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी जाळीवर उडाली की त्यातलं तांबं जस्त खातं. फवारणीनंतर जाळीवर साधं पाणी मारा. युरियाची पोती, शेणाचा ढीग, कोंबडखत जाळीला टेकवून ठेवू नका. कोकणात समुद्राजवळ खारी हवा जस्ताला फार जड जाते, तिथे वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेलीच जाळी घ्या.

रोल आणल्यावर लगेच लावणार नसाल तर फळ्यांवर उभा ठेवा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळला तर आत दमटपणा कोंडतो आणि जस्तावर पांढरी भुकटी चढते.

जाळीत घरातली वीज सोडायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. अंधारात शेजारचा माणूस पाणी धरायला येतो, आपलंच पोर येतं. डुकराआधी त्यांचा जीव जातो.

पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की एकदा धुऱ्यानं (बांधानं) चक्कर मारा. माती वाहून तळ उघडा पडलेल्या जागा त्याच दिवशी भरून घ्या.