वखारीत जाताय? आधी ओल बघा, मग झाडाची जात

माझी खानावळ चुलीवर चालते, त्यामुळे वखारीत लाकूड घ्यायला मी स्वतः जाते. नवऱ्याला पाठवलं तर तो वखारवाल्याशी गप्पा मारत बसतो आणि गाडीत ओलं लाकूड भरून घरी येतो.

वखारीत आल्या आल्या गिऱ्हाईक विचारतं, "बाभळीचं आहे का?" मी विचारते, "तोडून किती महिने झाले?" ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. भाव लागतो वजनावर, म्हणजे त्या पाण्याचेही पैसे आपणच मोजायचे. पुन्हा ते पाणी चुलीत आटवायला जाळ फुकट घालवायचा, धुरानं डोळे चोळायचे ते वेगळंच. नीट वाळलेल्या लाकडात पाणी १५ ते २० टक्क्यांवर आलेलं असतं.

वखारवाला वरचं लाकूड दाखवतो, ते उन्हानं वाळलेलंच असतं. तुम्ही ढिगाच्या खालून दोन तुकडे ओढायला लावा आणि एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजले तर घ्या, ठप्प वाजले तर आत ओल आहे. टोकांना भेगा पडलेल्या हव्यात, साल सुटत आलेली हवी. तरी शंका वाटली तर एक तुकडा फोडायला सांगा आणि आतली बाजू गालाला लावून बघा. ओल असली तर गार लागते. लोक हसतात, हसू द्या. आकाराच्या मानानं फारच हलकं, भुगा गळणारं लाकूडही नको. ते भुंग्यांनी पोखरलेलं असतं, त्याचा निखारा पडत नाही.

आता जात. भाकरीला बाभूळच. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी करतो, तेव्हा ती फुगते आरावर, म्हणजे लाल निखाऱ्यांवर, आणि बाभळीचा आर कडक असतो, टिकतो. सुबाभूळ स्वस्त पडते, रश्श्याला चांगली चालते, पण तिचा निखारा माझ्या मते लवकर राखेत जातो. निलगिरीत तेल असतं, ती भडकन पेटते आणि तडतडून ठिणग्या उडवते. अंघोळीच्या पाण्याला ठीक, पदर मात्र सांभाळा. शेवगा, पांगारा, सावर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, नुसती ने-आण होते. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायची आमच्याकडे पद्धतच नाही.

जाडी मनगटाएवढी असावी. ओंडके स्वस्त मिळतात, पण फोडणावळ धरली की हिशेब बरोबरीत येतो. पेटवणाला तुराट्या, चिपाडं किंवा करवंट्या ठेवा. रॉकेलचा वास पहिल्या भाकरीला लागतो.

काही गोष्टी चुलीजवळही आणू नका. कण्हेर मुळापासून पानापर्यंत विषारी आहे, तिची काटकी कालथा म्हणूनसुद्धा वापरायची नाही. बिब्बा उततो, म्हणजे अंगावर फोड उठवतो, त्याचा धूरही अंगावर घेऊ नये. शेराच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती. जुन्या कपाटाचं प्लायवूड, सनमायका, रंग दिलेल्या फळ्या सुतार आनंदानं देतो, पण त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर थेट जेवणात आणि छातीत जातो.

पावसाळ्याची बेगमी करायची तर थंडीत तोडलेलं लाकूड घ्या, फोडून वैशाखापर्यंत उन्हात ठेवा आणि मृगाच्या आत छपराखाली रचा. खाली विटा किंवा दगड, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गच्च गुंडाळलं की आतल्या आत घाम धरतं आणि बुरशी येते. आणि पाऊस लागल्यावर रचलेल्या लाकडांत सरळ हात घालू नका. आधी काठीनं ठोका, विंचवाला कोरडी जागा आपल्यासारखीच लागते.