खिल्लार खोंड प्रदर्शनात उभा करायचा तर

पुसेगाव, खरसुंडी, आटपाडी या भागातल्या यात्रांत खिल्लार या देशी गोवंशाच्या जनावरांची प्रदर्शनं भरतात. गर्दीच्या गटात परीक्षकाला एका खोंडासाठी, म्हणजे तरण्या नरासाठी, फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्याला शिंगं, वशिंड, पाठ, पाय, कातडी, दात आणि चाल बघायची असते. खोंड जागेवर नाचत असेल, तर चांगली पाठ आणि सरळ पाय असूनही ते त्याच्या नजरेत भरत नाहीत. म्हणून खुराकाइतकाच वेळ कासऱ्यावर, म्हणजे दोरीनं चालवण्या-उभं करण्याच्या सरावावर, द्यायला हवा. हा सराव निदान दोन महिने आधी सुरू करा, खुराक तीन महिने आधी.

आधी खोंड नीट बघा

अंगात नसलेली गोष्ट तयारीनं येत नाही. लांब, निमुळतं तोंड, कपाळावर मधोमध खाच, एकमेकांजवळून निघून मागं जाणारी आणि मग कमानीत वर वळणारी सारखी शिंगं, आवळ कातडी, गळ्याखाली लोंबणारी कातडी म्हणजे पोळी लहान, पोटाला चिकटलेली बेंबीखालची कातडी, काळे टणक खूर आणि शेपटीच्या टोकाचा काळा गोंडा, ही खिल्लारची ओळख. एक शिंग खाली आणि एक वर असेल किंवा चालताना मागचे गुडघे एकमेकांवर घासत असतील, तर ते झाकण्याच्या मागं लागू नका.

गट बहुतेक ठिकाणी दातांवर ठरतो: आदत (सगळे दात दुधाचे), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (आठही पक्के दात आलेला). दाताची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी पडते. नाव नोंदवायच्या आदल्या आठवड्यात दात स्वतः बघा. एक दुधाचा दात पडून तिथं पक्का दात डोकावत असेल, तर आदत गटात नेलेला खोंड मैदानातून परत फिरतो.

खुराक

साडेतीनशे किलोच्या आसपासच्या खोंडाला रोज चार-पाच किलो शाळूचा कडबा, दहा किलो हिरवा चारा आणि अडीच किलो खुराक पुरतो. खुराकात मका भरडा, सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा घ्या आणि तो सकाळ-संध्याकाळ दोन वेळांत विभागा. सोबत 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ. खुराक एक किलोपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. एकदम धान्य वाढवलं की पोटात आम्ल होतं, शेण पातळ पडतं, मांड्या बरबटतात आणि पुढं खूर दुखायला लागतात.

खिल्लारला चरबी शोभत नाही. हे कामाचं, धावतं जनावर आहे. बरगड्या झाकलेल्या असाव्यात, पण हात फिरवला की बोटांना लागल्या पाहिजेत. पोळी लोंबायला लागली आणि शेपटीच्या बुडाशी गोळे दिसू लागले की खुराक कमी करून चालणं वाढवा. जंताचं औषध सहा आठवडे आधी डॉक्टरांना विचारून द्या. गोचिडाची फवारणी पंधरा दिवस आधी उरका.

कासऱ्यावर शिकवणं

मोरखी (तोंडाभोवतीची दोरी) घालून रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालवा. वेसण (नाकातली दोरी) असली तरी शिकवताना जोर मोरखीवरच राहू द्या. वेसणीला हिसके बसलेला खोंड हात पुढं आला की डोकं झटकतो, आणि मैदानात तेच सगळ्यांना दिसतं.

तुम्ही खोंडाच्या डाव्या बाजूला, त्याच्या मानेशी. उजव्या हातात कासरा, मोरखीपासून वीतभर अंतरावर. उरलेला कासरा घड्या घालून डाव्या हातात. तो हाताला गुंडाळायचा नाही. खोंड उधळला तर गुंडाळलेल्या कासऱ्यानं बोटं मोडतात, माणूस फरपटत जातो.

कासरा हलका ताणा. खोंडानं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल सोडा. खोंड शिकतो तो या सैल सुटण्यातून. पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलं तर चाललं काय आणि थांबलं काय, त्याला सारखंच. मग तो मान ताठ करून मागं रेटतो आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. वळवताना डोकं तुमच्यापासून दूर, उजवीकडं ढकला. आपल्याकडं वळवलं तर शिंग छातीशी येतं आणि खूर पायावर पडतो. थोराड वळूला दोन कासरे आणि दोन्ही बाजूंना दोन जाणते माणसं हवीतच.

शेपूट पिरगाळणं, टोचणी, मारणं याला प्रदर्शनात जागा नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जनावराला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. शिवाय मार खाल्लेला खोंड माणूस जवळ आला की अंग चोरतो, पाठ वाकवतो.

उभं करणं

सगळ्यात जास्त गुण इथं जातात, आणि सगळ्यात कमी सराव याचाच होतो.

आधी जमीन बघा. पुढचे पाय बोट-दोन बोटं उंच जागेवर आले तर पाठ सरळ आणि खांदा उठावदार दिसतो. मागचे पाय उंचावर आणि पुढचे खळग्यात असतील, तर चांगला खोंडही पुढं कलल्यासारखा वाटतो. मैदानात शिरल्यावर पहिली नजर माणसांकडं नको, पायाखाली टाका.

पुढचे दोन्ही पाय सरळ खांद्याखाली, एका रेषेत. मागचा खूर शेपटीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हाडाच्या बरोबर खाली. पाय पोटाखाली गेले की पाठीला कुबड येतं आणि मागचे गुडघे जास्त वाकलेले दिसतात. फार मागं गेले की पाठ खचते. पाय हातानं उचलून ठेवायला जाऊ नका, खिल्लारची लाथ चटकन येते. डाव्या हाताचं बोट खांद्याच्या पुढच्या सांध्यावर दाबा आणि मोरखी हलकेच मागं रेटा. खोंड एक पाऊल मागं जाईल. पाय जागेवर आला की लगेच दाब काढा. जमलं नाही तर दोन पावलं पुढं चालवून पुन्हा उभं करा. जागेवर खेचाखेच केली की चारही पाय बिघडतात.

डोकं इतकंच वर की शिंगांची कमान आणि वशिंडाचा उठाव एका नजरेत यावा. हनुवटी फार उचलली की कमरेपाशी पाठ दबते. घरी कुणाला तरी पंधरा-वीस फुटांवर उभं करून बाजूनं फोटो काढायला सांगा. कासरा धरणाऱ्याला पाठ कधीच दिसत नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत एका जागी न हलता पाच मिनिटं उभं राहण्याचा सराव करा. त्या वेळी ओळख नसलेल्या माणसांना जवळ बोलवा. त्यांनी पाठीवरून हात फिरवावा, कातडी चिमटीत धरावी, वृषणांना हात लावावा, दात बघावेत. दात बघायला बोट ओठांच्या कोपऱ्यातून पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत सारायचं, म्हणजे चावा बसत नाही. पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, तेच मोजायचे. हलगी आणि कर्णा आधी लांबून ऐकवा, रोज थोडा जवळ आणा.

अंघोळ, शिंगं, खूर

मार्गशीर्ष-पौषातल्या यात्रांना थंडी असते, म्हणून अंघोळ दुपारी उन्हात. रिठ्याचं पाणी उत्तम. कपड्यांच्या पावडरीनं केसांतलं तेल जातं आणि कातडीला कोंडा सुटतो. रोज दहा मिनिटं खरारा करून (ब्रशनं अंग घासून) दिलं तर चकाकी आपोआप येते. पांढऱ्या अंगावरचे शेणाचे पिवळे डाग जाता जात नाहीत, त्यामुळं शेवटचे पंधरा दिवस बसायला कोरडा पाचोळा किंवा उसाचं पाचट रोज बदला. पांढरी पावडर फासू नका. परीक्षकाचा हात फिरला की ती हातावर येते आणि त्याला पुढंही संशयानंच बघावं लागतं.

गोंडा धुऊन टोकाकडून वर विंचरत जा. ओला असतानाच सैल वेण्या घाला आणि सकाळी सोडा, गोंडा फुलतो. खूर तीन-चार आठवडे आधी साळून घ्या. जास्त कापला गेला तर खोंड आठवडाभर लंगडतो, म्हणून आदल्या दिवशी खुराला हत्यार लावायचं नाही. शिंगांचा फक्त वरचा खडबडीत पापुद्रा साळायचा. बुडाकडं आत जिवंत भाग आणि रक्त असतं. मग तेलाचा हात द्या. रंग, बेगड, शेंब्या (शिंगांच्या टोकांवरची टोपणं) मिरवणुकीला जरूर लावा, प्रदर्शनात मात्र शिंग उघडं असू द्या.

प्रदर्शनाचा दिवस

लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस निदान तीन-चार आठवडे आधी झालेली असावी. कानातला बारा आकडी बिल्ला आणि आरोग्य दाखला सोबत ठेवा. आदल्या दिवशी पोहोचा. घरचाच कडबा आणि घरचीच बादली न्या, परक्या वासाचं पाणी काही जनावरं तोंडाला लावत नाहीत. सकाळचा खुराक निम्मा द्या आणि मैदानात जाण्याआधी पोटभर पाणी पाजू नका. खिल्लारचं पोट आवळ दिसायला हवं. दहा-पंधरा मिनिटं फिरवा, शेण टाकेल. मांड्या ओल्या फडक्यानं पुसा.

तुमचे कपडे साधे, अंगाबरोबर बसणारे असू द्या. खांद्यावर फडफडणारं उपरणं नको, खोंड बुजतो. पुढच्या जनावरापासून एका जनावराएवढं अंतर ठेवा. एक डोळा परीक्षकावर, एक खोंडाच्या पायांवर. परीक्षक तुमच्या बाजूला आला की पुढून फिरून दुसऱ्या बाजूला जा, म्हणजे तुम्ही त्यांच्या आड येत नाही. चाल दाखवताना कासरा सैल आणि तुमचं पाऊल लांब. मागच्या खुराचा ठसा पुढच्या ठशाच्या जवळ किंवा त्यावर पडतो का, हे ते बघतात. विचारलं तर वय, दात आणि कुठल्या वळूचा हे थोडक्यात सांगा. शेजारच्या जनावराबद्दल बोलू नका. निकाल लागेपर्यंत खोंड उभाच ठेवा, कारण शेवटच्या दोघांत परीक्षक पुन्हा मागं वळून बघतो.

घरी आल्यावर त्याला गोठ्यापासून लांब, वेगळ्या दावणीला तीन आठवडे बांधा. त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवा. रोज सकाळी तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखम आणि कातडीवर गाठी आहेत का ते तपासा. त्याचं चारापाणी गोठ्यातल्या जनावरांचं उरकल्यावर, सगळ्यात शेवटी करा.