मॉडेलसाठी इपॉक्सी पुटी: कोणती घ्यायची आणि फटी कशा भरायच्या

इपॉक्सी पुटीचे दोन भाग असतात: रेझिन आणि हार्डनर. एकत्र मळले की त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि पुटी टणक बनते. पाणी उडून वाळायचा प्रकार नसल्याने ती जवळजवळ आकसत नाही आणि खोल फटही एकाच थरात भरते. मात्र उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर गेला की पाकिटावर छापलेल्या वेळेचा निम्माही वेळ मिळत नाही. म्हणून खान्देशात पुटी घेताना आधी हाताशी किती वेळ उरेल ते बघा, किंमत नंतर.

हार्डवेअरच्या दुकानात एम-सील सहज मिळतं. पोळ्याच्या बैलाचं तुटलेलं शिंग बसवायला किंवा रेल्वे इंजिनाच्या मॉडेलला आतून आधार द्यायला ते उत्तम. पण ते भरड असतं, पातळ कड घासताना तिचे टवके उडतात, आणि लवकर घट्ट होतं. चेहरा, बोटं, दागिने घडवायला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं पांढरं ‘शिल्पकार’ (हीही दोन भागांची इपॉक्सी पुटीच) घ्या. ते मऊ आणि बारीक असतं, घाई करत नाही. बाहेरून मागवायची तयारी असेल तर मिलिपुट आणि ग्रीन स्टफ या दोन इपॉक्सी पुट्या आहेत. मिलिपुट कडक होतं आणि छान घासलं जातं. ग्रीन स्टफ थोडं रबरी राहतं. कपड्यांच्या चुण्यांना ते फार चांगलं, पण पॉलिश पेपरने घासलं की त्याचे धागे निघतात. सपाट पृष्ठभागावर ते वापरू नका.

अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फटीत मळलेली पुटी सहसा नीट शिरत नाही. तिथे पातळ सुपरग्लू सोडा. भिंतीची पुटी प्लास्टिकला धरत नाही, तिच्या वाटेला जाऊच नका.

आता काम. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. तेलकट किंवा गुळगुळीत जागेवरून पुटी सोलून निघते. नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. दोन्ही भाग समान आकाराचे घ्या, उन्हाळ्यात एका वेळी बोराएवढी गोळी पुरे. रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत, किमान तीन मिनिटं मळा. ग्रीन स्टफच्या पट्टीत निळा-पिवळा भाग जिथे टेकतात, तिथली दोन-तीन मिलिमीटर कड आधीच घट्ट झालेली असते. ती कापून टाका, नाहीतर पुटीत खडे राहतील.

फटीत पुटी दाबून भरा, वरून अलगद फिरवू नका. आत हवा राहिली की घासताना भोक उघडतं. मग अवजार पाण्यात बुडवून कड सपाट करा. पाणी फक्त अवजाराला लागेल एवढंच. दोन थरांमध्ये ओल राहिली तर वरचा थर सुटतो. मूर्ती घडवताना ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करा, धडाचा भाग चुरगळलेल्या फॉइलने भरा आणि वर तीन-चार मिलिमीटरचा थर द्या. मोठा आकार एकदम केला तर खालची पुटी मऊ असतानाच वजनाने ढळते. आधी ढोबळ आकार, तो कडक झाला की बारकावे.

शाडूच्या गणपतीचं विसर्जन करायचं असेल तर त्याला इपॉक्सी लावू नका, ती पाण्यात विरघळत नाही. शाडूनेच सांधा.

दुसऱ्या दिवशीही पुटी चिकट लागली, तर प्रमाण चुकलं किंवा मळणं कमी पडलं. वरून हार्डनर चोपडून उपयोग नाही, खरवडून नव्याने भरा. कडक झाल्यावर २२०, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून घासा, त्याने धूळ उडत नाही. मग प्रायमर मारा; उरलेली बारीक भोकं त्यावरच दिसतात.

उरलेले दोन्ही भाग वेगवेगळ्या घट्ट डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. वापरण्याआधी तासभर बाहेर काढा आणि थंडपणा गेल्यावरच झाकण उघडा, म्हणजे आत दव धरत नाही.